बुरुजामागची गादी

मी गादी बोलतेय. लगेच जांभई देऊ नका! माझ्यावर कोणी झोपायचं नाही, निदान माझ्या उमेदीच्या काळात तरी नाही. माझ्यावर माणसं मरायची. राजे, प्रधान, राजपुत्र, सेनापती, झालंच तर एक फितूर किल्लेदार. इतिहासात गाजलेला असा एक खून दाखवा, ज्यातला माणूस उंचावरून पडला आणि आमच्या नाटक कंपनीने तो रंगवला नाही. आणि रंगवला म्हणजे तो पडणार माझ्याच अंगावर.

माझा जन्म कंपनीच्या मागच्या अंगणातला. पिंजाऱ्याने साध्या गादीच्या तिप्पट कापूस पिंजला आणि निळ्या पट्ट्यांच्या जाड खोळीत ठासून भरला. टाके घालता घालता त्याने विचारलं, "एवढी भरगच्च? कोणाच्या लग्नाची?"

कंपनीचं सामान सांभाळणारे मामा म्हणाले, "लग्नाची कसली! खुनासाठी हवी आहे."

 पिंजाऱ्याने टाके दुप्पट घातले.

मामांच्या ताब्यात सगळा संसार होता. सिंहासनं, तलवारी, मुकुट, आत सरकणाऱ्या पात्याचे खंजीर, एक कापलेलं मुंडकंसुद्धा. रंगमंचाच्या दोन्ही टोकांना लाकूड आणि पुठ्ठ्याचे आठ फुटी बुरूज होते. एका नाटकात राजपुत्राला डाव्या बुरुजावरून ढकलायचे, दुसऱ्यात प्रधानाला उजव्या. ज्या दिवशी जे नाटक, त्या बुरुजामागे मामा मला अंथरायचे. प्रेक्षकांना दिसायचा तो फक्त वरून नाहीसा होणारा माणूस. मी पडणाऱ्याचा एवढासाही आवाज होऊ देत नसे, म्हणून मामा समोरच्या विंगेतून एका रिकाम्या पेटीवर लाथ घालायचे. धप्प! बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

आणि हे पडायचं काम करणारा माणूस एकच. कंपनीत सगळे त्यांना हुतात्मा म्हणत. जन्मात कधी नायकाचं काम मिळालं नाही बिचाऱ्यांना. पहिल्या अंकात हसत यायचं आणि तिसऱ्यात मरायचं, हेच त्यांचं पोट. पण काय मरायचे हो! मामांना ते तासन्तास समजावून सांगत. "भोसकलेला माणूस आधी गुडघ्यात मोडतो. विष प्यायलेला काहीतरी धरायला बघतो, टेबलावरचं कापडसुद्धा चालतं त्याला. आणि दगा झालेला असेल ना, तर पडायच्या आधी ज्याने दगा दिला त्याच्याकडे एकदा बघतोच. बघितल्याशिवाय त्याचा जीव जात नाही."

"आणि बुरुजावरून पडणारा?" मामा विचारायचे.

"त्याने हात पसरायचे, वरच्या दिव्याकडे बघायचं आणि पाठीवर जायचं. मागे बघायचं नाही. खाली काय आहे ते बघितलं की अंग आखडतं, आणि अंग आखडलं की हाड मोडतं. खाली गादी आहे, एवढं धरून चालायचं."

एवढं धरून चालायचं! ते शब्द ऐकले की माझा ऊर भरून यायचा. वरून साडेपाच फुटी माणूस डोळे छताला लावून येतोय, केवळ माझ्या भरवशावर! अशी इज्जत किती गाद्यांच्या वाट्याला येते, सांगा.

एकदा सिनेमावालेही आम्हा दोघांना घेऊन गेले. हुतात्म्यांना तिथे एका दिवसात सोळा वेळा गच्चीवरून ढकललं. कधी उजेड गेला, कधी टोपी उडाली. परत येताना ते मामांना म्हणाले, "सोळा वेळा मेलो आणि टाळी एक नाही. छे, आपलं मरणच बरं."

त्यांना एक मुलगी होती. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणत. आई काही नाटकाला यायची नाही. "नवऱ्याला मरताना काय बघायचं?" असं तिचं म्हणणं. त्यामुळे टिल्ली पाच वर्षांची झाली तेव्हा बापानेच तिला पहिल्यांदा नाटकाला आणलं. बाप बुरुजावरून गेला आणि भर नाट्यगृहात पोरगी किंचाळली, "माझ्या बाबांना मारलं!"

व्यवस्थापक लाल. प्रेक्षक हसायला लागले. पडदा पडताच हुतात्मे तसेच, लाल रंगाने माखलेले, धावत गेले आणि तिला उचलून माझ्यापाशी घेऊन आले. "रडू नकोस गं. ही बघ, ही आपली गादी. बाबा हिच्यावर पडतो. कुठे लागलंय का मला?"

तिने डोळे पुसले. माझ्यावर दोन उड्या मारून बघितल्या. मग हाताने मला दोनदा थोपटलं आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "गादीबाई, बाबांना नीट झेल हं."

मी शब्द दिला. तोंडाने नाही, पण दिला.

तेव्हापासून प्रत्येक खेळाआधी टिल्ली यायची. शाळेचं दप्तर पाठीला तसंच. आधी बापाला विचारायची, "आज कुठून मरणार?" ते डावीकडे की उजवीकडे सांगायचे, आणि ती त्या बुरुजामागे जाऊन मला दोनदा थोपटायची. मी तिथे नसले तर ओरडायची, "मामा, गादी कुठाय?" मामा जीभ चावत मला ओढत आणायचे. असं तीन-चारदा झालं असेल. सगळे हसायचे आणि विसरून जायचे. आमच्या त्या आनंदाच्या दिवसांत कुणाच्या ध्यानातच आलं नाही, की हुतात्म्यांचा जीव खरं तर त्या पोरीच्या दोन थापांवर चाललाय.

टिल्ली चौदा वर्षांची झाली. मैत्रिणी चिडवायला लागल्या असाव्यात. एका दुपारच्या खेळाआधी बापाने विचारलं, "येतेस ना थोपटायला?" तर म्हणाली, "बाबा, मी काय लहान आहे का आता? गादीशी काय बोलायचं!" आणि घरीच राहिली.

नेमका त्याच दुपारी राणीचं काम करणाऱ्या बाईंचा घसा बसला. राजपुत्राचं नाटक ठरलं होतं, तासाभरावर आलेलं. ते बदलून प्रधानाचं लावलं. मामांची त्रेधातिरपीट उडाली. झेंडे बदलले, सिंहासन बदललं, ढाली बदलल्या. मी मात्र सकाळी अंथरली होती तिथेच, डाव्या बुरुजामागे. आणि तिसऱ्या अंकात हुतात्मे उजव्या बुरुजावर चढले.

मला दिसत होतं हो सगळं. मधे जेमतेम वीस पावलांचं अंतर. त्यांनी दगा देणाऱ्याकडे एकदा बघितलं, हात पसरले, नजर दिव्याला लावली. मागे बघितलं नाही. का बघतील? मी आहे असं धरून चालले होते.

त्या दिवशी धप्प आवाज दोनदा झाला. एक फळ्यांवरचा आणि एक मामांच्या पेटीचा. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्या हुतात्म्यांना आयुष्यात मिळाल्या नव्हत्या.

कंबर मोडली. जीव वाचला, पण पुन्हा रंगमंचावर चढणं नाही. महिन्याभराने मामा मला खांद्यावर घेऊन त्यांच्या घरी आले. दारात टिल्ली उभी. "हिला घरात घ्यायची नाही," ती म्हणाली. मामांची मान वर होईना.

आतून हुतात्म्यांचा आवाज आला, "घे गं आत. जुनी ओळख आहे आमची."

असा माझा दुसरा जन्म सुरू झाला. खाटेवर मी आणि माझ्यावर ते. काठी टेकत दारापर्यंत जायचे आणि पुन्हा माझ्याकडे यायचे. अशी बत्तीस वर्षं! त्यांची बायको गेली, मामा गेले. मला दोनदा नव्याने पिंजून घेतलं. टिल्ली शाळेत इतिहास शिकवायला लागली, केस पिकले तिचे. बापाचं सगळं निगुतीने केलं तिने. पण माझी चादर बदलायची ती दोन बोटांनी. मला तिचा तळहात कधी लागला नाही.

हुतात्मे तिला छेडायचे. "तुमच्या पुस्तकात अमक्या साली राजाचा खून झाला, एवढं लिहिलं की संपलं? माणूस पडला कसा ते नको का शिकवायला?" ती हसायची नाही. एकदा ते म्हणाले, "अगं, चूक मामाची नाही आणि गादीचीही नाही. चूक त्या राणीच्या घशाची!" टिल्ली उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पोरी, तुझीही नाही गं.

नाटकात ते सात सात वाक्यं बोलून मरायचे. खरं मरण आलं ते सकाळी साडेदहाला, चहानंतर. "टिल्ले, उशी जरा सरकव," एवढंच म्हणाले. ती उशी सरकवून कप ठेवायला वळली, आणि वळून बघते तो संपलं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्यावर त्यांचा भार तेवढा बदलला. ते मला कळलं. मी त्यांना नीट झेललं होतं, पण हे तिला कोण सांगणार?

याला चार महिने झाले. आज खोली रिकामी होतेय. खाट गेली, काठी गेली. मला न्यायला टेम्पो यायचाय. मी जमिनीवर पडले आहे, कापसाच्या गाठी झाल्यात, एका कोपऱ्याला खोळ उसवली आहे. मघाशी टिल्ली आत आली. दार लावून घेतलं आणि माझ्याजवळ बसली.  मग तिने हात ठेवला. पुरा तळहात. दोनदा थोपटलं.

"त्या दिवशी मी आले नाही गं," ती म्हणाली.

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा बोलली. मग तिने बापाचं बुटकं स्टूल ओढलं आणि त्यावर चढून माझ्याकडे पाठ केली. सेहेचाळीस वर्षांची बाई, गुडघे दुखतात तिचे! मी म्हणतेय नको, नको. तिने हात पसरले आणि छताकडे बघितलं. "मागे बघायचं नाही," स्वतःशीच म्हणाली.

आणि आली.

आवाज झाला नाही. जुना असला तरी तिप्पट कापूस आहे माझा.

आता ती माझ्यावर पडून रडतेय, मधेच हसतेय, पुन्हा रडतेय. खाली टेम्पो येऊन थांबलाय, हाका मारतायत. अहो टेम्पोवाले, तुमच्या पाया पडते, जरा दम धरा. मग कुठे न्यायचं तिथे न्या मला. पोरगी उठेपर्यंत थांबा फक्त.