डाव्या हाताची गाठ

"ही बघ माझी गाठ!" वाळूवर पसरलेल्या जाळ्यात बोट खुपसून मी म्हणाले. "इतकी वर्षं खारं पाणी पितेय, पण जागची हललेली नाही. बघ ना गं!"

एदेल्मिराने बघितलं नाही. ती मान खाली घालून सुईत दोरा भरत राहिली. होडीला टेकून बसलेल्या नोल्बेर्तोने उगाच घसा खाकरला आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

पुंता सेनिसात, आमच्या मासेमारीच्या गावात, मी त्या सकाळीच बसमधून उतरले होते, चार दिवसांची पाहुणी म्हणून. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला आणि मुलीने मला तिच्या घरी, तालकाला नेलं. तालकाला समुद्र नाही. तिथे मला कुणी काम सांगत नाही, नुसतं "आई, तू बस." त्याआधी एकतीस वर्षं या गावची जाळी मी सांधली. मी डावखुरी, त्यामुळे माझी गाठ डावीकडे झुकायची. एका वर्षी नोल्बेर्तोच्या होडीला तसल्या जाळ्यात अमाप मासळी मिळाली, आणि डावी गाठ लाभते असं गावच्या पुरुषांनी ठरवूनच टाकलं. उजव्या गाठीचं जाळं ते होडीत चढवू देत नसत. माझ्यामागे यांची कशी त्रेधा उडाली असेल, याचं चित्र मी तालकाच्या स्वयंपाकघरात बसून रोज रंगवायची. खोटं कशाला बोलू, त्याच्यावरच मी दिवस काढले.

आणि इथे येऊन बघते तर कुणाचंच काही अडलं नव्हतं. होड्या जात होत्या, भरून येत होत्या. येणारेजाणारे "कशी आहेस ओतिलिया, जाड झालीस" म्हणायचे आणि लगेच एदेल्मिराकडे वळायचे. "मावशी, माझं जाळं कधी बघतेस?" या गावची मावशी मी होते! एदेल्मिरा माझी सख्खी मैत्रीण, माझ्या मुलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. पण तिला त्या हाकेला ओ देताना पाहिलं आणि तिने दिलेला पाव मी तसाच बाजूला ठेवला.

त्यातच नोल्बेर्तोने माशाचं डोकं घातलेली बादली आणली. आमच्याकडे रीत आहे, आल्या मासळीतलं मोठ्या कोंग्रियो माशाचं डोकं जाळं सांधणारीचं. रस्सा त्याचाच चांगला होतो. एकतीस वर्षं ते माझ्या दारात आलं. नोल्बेर्तोने सवयीने बादली एदेल्मिरासमोर ठेवली. मग मी दिसले, तशी गडबडून उचलली आणि दोघींच्या मधोमध ठेवली. मला ते जास्तच झोंबलं.

म्हणून तर मी जाळं ओढून घेतलं आणि गाठी शोधायला लागले. सापडल्या. सगळ्या डावीकडे झुकलेल्या. म्हणजे हे अजून माझ्याच हातचं वापरत होते!

"निदान हो तरी म्हण," मी एदेल्मिराला म्हणाले.

"ओतिलिया," नोल्बेर्तोच बोलला, "तुझ्या हातचं शेवटचं जाळं दोन वर्षांमागच्या वादळात गेलं. हे गेल्या हिवाळ्यातलं आहे."

"मग ही गाठ कुणाची?"

एदेल्मिराने सुई डाव्या हातात घेतली. ती तर उजव्या हाताने काम करणारी. आयुष्यभर उजवी.

"काय करणार गं," ती ओशाळून म्हणाली. "उजव्या गाठीचं जाळं दिलं की हे हातसुद्धा लावेनात. वर्षभर चमचापण डाव्या हातात धरला मी. अर्धा रस्सा पदरात सांडायचा."

"तुला शिकवलं कुणी?"

मी शिकवलं नव्हतं. तिने दोनदा विचारलं होतं, पण मी काम करताना सगळ्यांकडे पाठ करून बसायची. माझा हात कुणी बघू नये म्हणून.

"तुझ्या खुराड्यावर जुनं जाळं होतं ना? ते मी घरी नेलं. एकेक गाठ सोडवत गेले. रागावू नकोस."

रागावणार नाही तर काय? अंगाची लाहीलाही झाली. आणि राग तिचा कमी, माझा स्वतःचाच जास्त. मला माझ्याच हातची गाठ ओळखता आली नव्हती!

"चहाचं बघतो," म्हणत नोल्बेर्तो सटकला. एदेल्मिराने जाळ्याची एक कड माझ्या मांडीवर टाकली. तिथे हातभर भोक होतं. "हे ठेवलंय तुझ्यासाठी. तू येणार कळलं तेव्हापासून कुणाला हात लावू दिला नाही." सुई तिने माझ्या हातात दिली.

मी बांधायला बसले. बोटांचे सांधे सुजलेले, दोरा दिसेना. पूर्वी एवढं भोक मी गप्पा मारता मारता बुजवलं असतं. आज अर्धा तास लागला. शेवटची गाठ ओढली आणि ती घसरली. परत ओढली, परत घसरली. वरून ठीक दिसत होती, पण भरल्या जाळ्याचा भार पडला की सुटणार, हे मला पक्कं कळलं. मी त्या गाठीवर तळवा ठेवला.

एदेल्मिराने बघितलं नव्हतं. जाळं फाटलं असतं तर बोल तिलाच लागला असता. लोक म्हणाले असते, ओतिलियाच्या वेळी असं कधी होत नव्हतं. तालकाला बसून मला तेवढंच तर ऐकायचं होतं. तोंडाला पाणी सुटावं तसा तो विचार मी चघळला.

मग मी तिच्या कमरेची सुरी घेतली आणि गाठ कापली. माझ्या बाकीच्या गाठीही कापल्या, एकूण एक.

"दोरा वाईट आहे," मी म्हणाले.

एदेल्मिराने माझ्या बोटांकडे पाहिलं. "हो गं," ती म्हणाली, "यंदा दोरा असलाच आलाय."

तिने सुई घेतली. मी जाळं ताणून तिच्यासमोर बसले, तोंड तिच्याकडे करून. तिने पहिली गाठ घातली. चांगली होती, पण ओढताना जरा वेळ खात होती.

"अंगठा खाली घे," मी म्हणाले. "आणखी खाली. हं. आता ओढ."

तिने ओढली. गाठ एका झटक्यात बसली, डावीकडे झुकून. एदेल्मिरा माझ्याकडे बघतच राहिली.

"बघतेस काय? अजून हातभर बाकी आहे," मी म्हणाले, आणि मधली बादली पायाने तिच्याकडे सरकवली.