मान हलवू नका

"काका, मान हलवू नका हं. सगळ्या रेघा बिघडतात," यंत्रावरच्या मुलीनं काचेपलीकडून बजावलं. "नुसतं ऐकायचं आणि समोरच्या फुलीकडे बघायचं."

लघुलेखकांनी मान हलवूनच बरं म्हटलं आणि जीभ चावली. डोक्यावर तारांची टोपी, केसांत थंडगार चिकट मलम, कानांत गोष्ट सांगणाऱ्या बाईचा आवाज. बोलणं ऐकताना माणसाच्या मेंदूत काय हालचाल होते, ते या प्रयोगशाळेत अभ्यासासाठी टिपून घेत होते. साठीपुढची धडधाकट माणसं हवी होती. यांचं नाव बायकोनं दिलं. "तुमच्या कानांचंही एकदाचं कळेल," असं म्हणाली होती.

कानांना काही झालेलं नव्हतं, हे फक्त यांनाच ठाऊक होतं. चौतीस वर्षं त्यांनी कोर्टात साक्षी उतरवल्या. तोतरे, रडके, खोटारडे, सगळ्यांचे शब्द कागदावर धरले. 'पुन्हा सांगा' असं कुणाला एकदाही म्हणावं लागलं नाही. आणि आता वर्षभर अधूनमधून समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं, पण कळायचंच नाही. मग ते मान डोलवायचे. घरच्यांना वाटलं, कान गेले. यांनी वाटू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या महिन्यात डॉक्टर बायकोच्या गोळीबद्दल काही म्हणाले, तेव्हाही यांनी मान डोलावली. अर्धी गोळी आठवडाभर पूर्ण दिली गेली. ती चक्कर येऊन पडली, मनगट मोडलं. नंतर चिठ्ठी वाचताना यांना चूक कळली. गोळीच मेली कडक, असं ती अजून सगळ्यांना सांगते.

आज ही टोपी आपलं बिंग फोडणार, अशी त्यांना भीती होती.

गोष्ट सोपी निघाली. एक शिंपी, त्याची हरवलेली कात्री. शब्द न् शब्द कळत होता. त्यांना जरा धीर आला, आणि तेवढ्यात कळेनासं झालं. आवाज त्याच बाईचा, बोलतही होती, पण एकही शब्द हाती लागेना. झालं, ते मनात म्हणाले, आता कायमचंच गेलं. टोपी उपटून पळत सुटावं असं वाटलं. मान मात्र आपोआप डोलू लागली, हळूहळू, समजूतदारपणे. आवाज थांबला, पडद्यावर प्रश्न आला: किती कळलं, शून्य ते पाच? त्यांनी पाच दाबलं.

मुलगी आत आली आणि स्टूल ओढून बसली.

"काका, हा तुकडा आम्ही मुद्दाम उलटा वाजवतो. तो कुणालाच कळत नाही."

त्यांचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

"मग पाच कसे दाबलेत? आणि मानही नेमकी तिथेच हलवलीत."

उलटतपासणीत सापडलेले साक्षीदार त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. आज त्या पिंजऱ्यात ते स्वतः होते.

"घाबरू नका, ही काही तपासणी नाही. यावरून आजारबिजार ठरत नाही," ती हळूच म्हणाली. "पण घरीही असं होतं का?"

ते फुलीकडे बघत राहिले. "होतं."

"मग डॉक्टरांना दाखवायला हवं. बाहेर काकू बसल्यात. मी सांगू?"

"नको. माझी साक्ष मीच देतो."

बाहेर बाकावरून बायको उठली. हात गळ्यातल्या झोळीत. ती नेहमीसारखी मोठ्यांदा काहीतरी म्हणाली. नेमकं तेच पुन्हा झालं, एक अक्षर कळलं नाही. मान हलायला निघाली. त्यांनी ती थांबवली.

"ओरडू नकोस गं. कान ठीक आहेत माझे. मला कळतच नाही कधीकधी. तुझी गोळीही अर्धीच होती. मीच पूर्ण दिली."

तिनं झोळीतल्या हाताकडे पाहिलं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "काय म्हणालीस?"

वर्षभरात पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलली, एकेक शब्द सुटा करून. "केसांत मलम राहिलंय. पुसून देऊ?"

त्यांनी तिच्यापुढे डोकं वाकवलं.