आवाज येणाऱ्यांची यादी

सिस्टर गेली बावीस वर्षं घरोघर हिंडून लोकांची वजनं, ताप आणि लसी टिपत होत्या. त्यामुळे आरोग्य खात्यानं लोकांची मनं मोजायचं ठरवलं, तेव्हा तेही काम त्यांच्याच गळ्यात पडलं. बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म. उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'सांगता येत नाही'. माणशी सात मिनिटं. चौथ्या मिनिटाला माणूस रडायलाच लागला तर काय करायचं, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

खात्याच्या कचेरीमागच्या गल्लीत सतराव्या प्रश्नापर्यंत सगळं सुरळीत चाललं. 'झोप नीट लागते का?' झाडून सगळे 'नाही'.

"लागेल कशी?" शिंपीकाका मशीनवरून न उठता ओरडले. ओरडल्याशिवाय ऐकूच जात नव्हतं. "ते बघा की!"

समोर कचेरीच्या मागच्या भिंतीवर चार धिप्पाड यंत्रं घरघरत होती. भिंतीआड कॉम्प्युटरांचा हॉल होता. लोकांची माहिती तापू नये म्हणून तो चोवीस तास थंड ठेवावा लागे. शिंपीकाकांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, तीनदा तक्रार दिली होती. तिन्ही वेळा 'आपला अर्ज मिळाला' असं छापील उत्तर आलं, त्यातलं एक भलत्याच बाईच्या नावानं.

फॉर्मवर कारणाला जागा नव्हती. सिस्टरनी समासात लिहिलं, 'आवाज येतो'. सदतीस माणसं, सदतीस वेळा.

फॉर्म गेले टकटककडे. हा कचेरीतला ऑपरेटर. त्याची बोटं थांबलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून हे नाव. त्याच्या पडद्यावर समास नव्हता, लक्षणांची यादी होती. त्यात 'आवाज' शोधल्यावर एकच ओळ सापडली: 'भास, आवाज ऐकू येणे'. त्यानं सदतीस वेळा तीच निवडली आणि जेवायला गेला.

आठवड्याभरात नकाशावर त्या गल्लीवर लाल ठिपका उमटला. साहेब भलतेच खुशीत होते.

"बाकी सगळे विभाग ठणठणीत निघाले. आता वरच्यांना निदान काहीतरी दाखवता येईल!"

"साहेब, तो आवाज आपल्या यंत्रांचा आहे," सिस्टर म्हणाल्या.

"असं त्यांना वाटतं?"

"मलाही वाटतं. म्हणजे वाटत नाही, येतोच तो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि जरा काळजीनं विचारलं, "तुम्ही किती दिवस जाताय त्या गल्लीत?"

मग मानसोपचाराचे डॉक्टर पाठवले गेले. शिंपीकाकांना समोर बसवून त्यांनी विचारलं, "आवाज काय म्हणतो?"

"घर्र म्हणतो."

"काही करायला सांगतो?"

"खिडकी लाव म्हणतो."

"आत्ता येतोय?"

"काय म्हणालात?"

"आत्ता येतोय का?" डॉक्टर घसा फाडून ओरडले. काकूंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी अहवालात लिहिलं: सगळे रहिवासी ठणठणीत; आवाज मलाही आला. टकटकनं अहवाल चढवला. ठणठणीतला यादीत रकाना नव्हता. आवाजाला होता. दुसऱ्या दिवशी रुग्णसंख्या अडतीस झाली आणि डॉक्टरांना स्वतःच्याच तपासणीची तारीख आली.

ते संतापून राजीनामा खरडायला बसले. सिस्टर खात्याची नियमावली घेऊन त्यांच्यासमोर बसल्या.

"डॉक्टर, तक्रार केली तर उत्तराला मुदत नाही. पण रुग्णाला उपचार लिहून दिला, तर खात्याला सात दिवसांत करावाच लागतो. हे बघा, कलम नऊ."

"मग काय लिहू? गोळ्या?"

"यंत्रं हलवा, असं लिहा. अडतीस जणांना."

डॉक्टर आधी हसले, मग लिहायला लागले. अडतीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एकच औषध.

सहाव्या दिवशी चार माणसं आणि एक क्रेन आली. यंत्रं उचलून कचेरीच्या पुढच्या मोकळ्या पटांगणात नेली. ती जागा आधीपासून रिकामीच होती. त्या आठवड्यात काकू सकाळी नऊपर्यंत झोपल्या. काकांनी दोनदा त्यांच्या नाकाशी बोट धरून पाहिलं.

खात्याच्या वार्षिक सभेत साहेबांचा सत्कार झाला: एकही गोळी न देता अडतीस रुग्ण बरे. इतर विभागांतले अधिकारी ही पद्धत शिकायला येऊन गेले. सिस्टरना त्या सभेत खुर्च्या मोजायचं काम होतं.

चार महिन्यांनी काका स्कूटरचा परवाना वाढवून घ्यायला गेले, तर खिडकीतल्या बाईंनी पडदा पाहून परवाना अडवला. पडद्यावर होतं: पूर्वी भास, आता बरे. काका तसेच सिस्टरकडे आले, सिस्टर टकटककडे गेल्या.

"नावं काढ."

"सिस्टर, 'बरा झाला' असं लिहिता येतं. 'आजारी नव्हताच' असं लिहायची सोयच नाही."

"डॉक्टरांचं नाव तर निघालंय!"

"त्यांनी लेटरहेडवर लिहून आणलं होतं."

शिंपीकाकांकडे कसलं लेटरहेड! त्यांच्याकडे पावतीपुस्तक होतं. सिस्टरनी त्याच्याच पानावर त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला, खाली दुकानाचा शिक्का मारला. टकटकनं शिक्का पाहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि नाव खोडलं.

गल्लीत दुकान असलेले आणखी दहा जण होते; तेही सुटले. उरले सव्वीस; त्यांच्याकडे ना लेटरहेड, ना शिक्का. दर सोमवारी सिस्टर त्यांच्यातल्या एकाला बरोबर घेऊन टकटकच्या टेबलापाशी उभ्या राहतात.