डावा हात मांडीवर

मी एक लाल ठोकळा बोलतोय. मी दुकानात कधी बसलो नाही, खोक्यावर माझं चित्र नाही. एका घाबरलेल्या बाईने मला मागवलं आणि एका घाबरलेल्या पुरुषाने मोडक्या स्टुलाच्या पायातून कापलं.

त्यांची मुलगी तीन महिने आधीच जगात आली. बाबाच्या तळहातावर मावेल एवढी, म्हणून तो तिला ठिपकी म्हणायला लागला. काचेच्या पेटीबाहेर उभं राहून आईने डॉक्टरांना विचारलं होतं, "पुढे सगळं नीट होईल ना?" डॉक्टर म्हणाल्या होत्या, "आत्ताच कोणालाच सांगता येणार नाही. वाढेल तसं बघत राहू." ही गोष्ट घरात इतक्यांदा उगाळली गेली की मला पाठ झाली.

मला विचाराल तर उत्तर सरळ होतं, खरं होतं. पण खरं उत्तर माणसांना पचत नाही. आईने त्यातलं 'बघत राहू' तेवढं उचललं आणि तेव्हापासून मुलीवर पाळत ठेवली. मान कधी धरली, कुशीवर कधी वळली, शिंकली तरी का शिंकली. त्या घरात कोणी तिच्याकडे नुसतं बघून हसलेलं मला आठवत नाही. हसायचे, आणि लगेच काहीतरी तपासायचे.

दवाखान्यात अशा लवकर जन्मलेल्या मुलांची वरचेवर तपासणी असते. दोन वर्षांच्या मुलाला टेबलावर लाल ठोकळे देतात आणि मनोरा रचायला सांगतात. एका तपासणीला ठिपकीच्या आधी अशाच एका थोड्या मोठ्या मुलाचा नंबर होता. त्याने ठोकळे भिरकावले. त्याची आई तोंडाला रुमाल लावून बाहेर पडली. ते बघून ठिपकीच्या आईने काय करावं? टेबलावरचा एक ठोकळा हळूच मुठीत घेतला, बोटाच्या पेराला लावून माप घेतलं, परत ठेवला आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अस्सेच हवेत. रंगसुद्धा तोच."

"अगं, पण ही तपासणीतली चोरी झाली."

"होऊ दे. तिच्या कपाळावर शिक्का बसण्यापेक्षा बरी."

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, हात पक्का. पॉलिश पेपरने आमच्या कडा घासल्या, ऑइलपेंट मारला. आम्ही सहा भावंडं गॅलरीत वाळलो आणि दुसऱ्याच दिवशी कामाला जुंपलो गेलो.

कसलं काम! ठिपकीने मला चाखायला तोंडाकडे नेलं की आई हिसकावून घ्यायची. दोन ठोकळे एकमेकांवर आपटून तिला आवाज ऐकायचा असे, तर "खेळ नको, मनोरा कर." दोन वर्षांचं पोर आणि त्याची परीक्षेची तयारी! माझं डोकं लाकडाचं, तरी संतापाने तापायचं.

आणि मला एक कळत होतं. ती मला नेहमी उजव्याच हाताने धरायची. डावा हात वळलेला, अंगठा बोटांच्या आत दडलेला. मी डावीकडे घरंगळलो तरी ती सगळं अंग वळवून उजवा हातच पुढे करायची. आईलाही ते दिसलं. दिसल्यावर तिने काय केलं ऐका. मुलीला एक हुकूम शिकवला: "डावा हात मांडीवर!" मांडीवर ठेवलेला हात शहाण्या मुलीचा दिसतो. वळलेली मूठ कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

एकदा आत्या आली. बसायच्या आधीच सुरू झाली. "माझा या वयात जिने चढत होता हो."

"तिचे तीन महिने वजा करा, वन्सं. डॉक्टर तसंच मोजतात."

"वजा करून करून हिला परत पोटातच घालशील तू. पण हा हात असा का गं?"

"झोपून उठलीय," आई म्हणाली. मुलगी सकाळपासून जागी होती.

तपासणीच्या दिवशी ठिपकी मला सोडेना, म्हणून मीही निघालो. दारात आईने मला तिच्या हातातून सोडवलं आणि पर्समध्ये कोंबलं. आत अंधार, किल्ल्यांचा गारठा. मी नुसतं ऐकत होतो. बाहेर रांगेतली मुलं रडत होती. आत खुर्ची सरकली. मग लाकडावर लाकूड: टक्. टक्. टक्. मनोरा उभा राहत होता आणि मला धडकी भरत होती. तो कोसळावा असं मला वाटलं. ठोकळ्याने असं वाटून घ्यावं का? पण वाटलं.

कोसळला नाही.

"वा, वा! आणि बसलीय किती शहाण्यासारखी," डॉक्टर म्हणाल्या. "मला काळजीचं काही दिसत नाही. आता वरचेवर यायची गरज नाही. पुढच्यांना पाठवा."

बाबाने मोठा श्वास सोडला. पर्सची चेन सरकली, आईचा हात रुमाल शोधत आत आला. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते मिळालं होतं, आणि तिचा हात रुमाल सोडून माझ्यावरच अडून राहिला. उद्यापासून या हाताकडे बघणारं कोणीच नव्हतं.

डॉक्टर लाडाने म्हणाल्या, "टाटा कर बरं. दोन्ही हातांनी!"

ठिपकीचा आवाज आला, ठणठणीत. "दावा मांदी!"

"काय म्हणते?"

"काही नाही हो," बाबा घाईने म्हणाला. "चला, निघू या."

आई उठली नाही. तिची बोटं माझ्याभोवती आवळली आणि तिने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं, दवाखान्याच्या ठोकळ्यांशेजारी. "मी घरी शिकवलंय तिला," ती म्हणाली. "आणि डावा हात... तो उघडत नाही. मी लपवला."

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. डॉक्टर उठल्या, ठिपकीसमोर गुडघ्यांवर बसल्या. अंगठ्यापासून एकेक बोट उलगडत खूप वेळ बघत राहिल्या. "मांडीवरून हात मीच काढायला लावायला हवा होता. बाहेरची रांग बघून उरकलं मी."

"ती इतरांसारखी धावेल ना? शाळेत जाईल ना?" आईने विचारलं.

"मला माहीत नाही. लवकर जन्मलेल्या दोन मुलांची वाटचाल सारखी नसते. पण या हाताला आत्ता वळण लावता येतं. शाळेत जायच्या वयात कळला असता, तर जड गेलं असतं."

आता व्यायाम शिकवणाऱ्या ताई घरी येतात. उजवा हात पुढे येऊ नये म्हणून त्याला मऊ मोजा चढवून मला डाव्या हाताशी ठेवतात. ठिपकी चिडते, रडते. बोटं किलकिली होतात, मी आत शिरतो आणि खाली पडतो. माझे कोपरे ठेचलेत, रंग उडालाय. आई अजून प्रत्येक वेळी दचकते. मीही दचकतो. ही मूठ कधी पुरती उघडेल का, मला ठाऊक नाही, तिला नाही, डॉक्टरांनाही नाही.

तुमच्या घरी असं घाईने आलेलं मूल असेल, तर पुढचं सगळं आजच सांगा म्हणून कोणाचा गळा धरू नका, आणि जे दिसतंय ते झाकूही नका. आत्ता ठिपकीने मला पुन्हा ओढलंय, डाव्या हाताने. पकड कच्ची आहे. मी बहुतेक पडणार. कृपा करून मला झेलायला धावू नका.