दोघांनी घरी बांधलेलं विमान

मित्रांनो, मी एक जुनं, जेमतेम दोन माणसांना घेऊन उडणारं विमान आहे. हसू नका! मोठमोठ्या कारखान्यांत जन्मलेल्या विमानांनी तर मला तोरा दाखवूच नये. माझा जन्म एका सुताराच्या घरामागच्या शेडमध्ये झाला.

सुतारदादा दिवसभर लोकांची कपाटं, खुर्च्या करायचे आणि संध्याकाळी माझ्या लाकडी फासळ्या तासायचे. त्यांच्या पत्नी शिवणकाम करत. सगळे त्यांना शिवणबाई म्हणायचे. माझ्या पंखांवरचं कापड त्यांनीच शिवलं. इंजिन तेवढं दुसऱ्या विमानातून काढलेलं, जुनं. "काय हो, याला मुहूर्त कधी लागणार?" असं शेजारी खिजवायचे. पण ज्या दिवशी मी जमीन सोडली, त्या दिवशी हेच शेजारी टोप्या उडवत माझ्यामागे धावले. काय दिवस होते ते!

शिवणबाईंना धुळीचा भारी राग. कपाटावरून बोट फिरवून बघणारी बाई ती! एका सकाळी मला पुसताना त्यांना पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक दिसलं. "अगंबाई, हे बुजवायचं राहिलं की! कचरा जाईल ना आत." दोऱ्याला लावायच्या मेणाची गोळी त्यांनी त्यात दाबून बसवली. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, म्हणून नवऱ्याला सांगितलंही नाही. सुतारदादांनी झाकण घट्ट आहे ना, तेवढंच बघितलं आणि दोघं आत बसली. आम्ही उडालो.

शेतांवर पोचलो आणि माझं इंजिन खोकू लागलं. मग एकदम गप्प.

"काय हो, बंद का केलंत?" शिवणबाई मागून ओरडल्या.

"मी नाही केलं! पट्टा आवळ!"

माझं काय व्हायचं ते होवो, पण ही दोघं जिवंत घरी जायला हवीत, एवढंच मला वाटत होतं. सुतारदादांनी माझं नाक खाली केलं, वेग पडू दिला नाही. कापणी झालेलं एक शेत दिसलं. कुंपण चाटून मी आदळत, खरडत थांबले. एक चाक निखळलं, पंख फाटला.

"लागलं का गं?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

थोड्या वेळाने सुतारदादांनी टाकीचं झाकण फिरवलं, तर सुस्स करून हवा आत शिरली. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडत नाही, तुम्ही पाहिलंच असेल. तसंच झालं होतं. हवेची वाट बुजली, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. मेण बघताच शिवणबाई मटकन खाली बसल्या. "मीच लावलं हो ते. आपल्याच जिवावर उठले होते मी!" त्या ढसाढसा रडल्या.

"मी तरी तुला कुठे सांगितलं होतं, ते भोक कशासाठी आहे?" सुतारदादा शेजारी बसत म्हणाले.

घरी आल्यावर जो तो म्हणे, "मोडून टाका ही ब्याद." बायकोला काही झालं असतं तर, या विचाराने सुतारदादांची झोप उडाली होती. शेवटी ते पाना घेऊन माझे पंख उतरवायला आले.

शिवणबाईंनी तो पाना हिसकावूनच घेतला. "चूक माझी, आणि हातपाय याचे तोडणार होय?" त्या तिथेच पंख शिवायला बसल्या. मी दुरुस्त झाल्यावर आधी त्याच चढून बसल्या. "चला हो, किती उशीर!" त्यांनी पट्टा दोनदा आवळून बघितला.

पुढे आम्ही पुष्कळ उडालो. आता दोघंही थकलीत, माझ्यावर कोंबड्या बसतात आणि तुमच्यातली काही मुलं पंखावर उड्या मारतात. मित्रांनो, मला जरूर पुसा, पण काही लावण्याआधी, काढण्याआधी विचारा. आणि एखादी वस्तू बंद पडली की लगेच मोडीत काढू नका. त्या दिवशी शिवणबाईंनी पाना हिसकावला नसता, तर उडण्याची पुढची सगळी वर्षं मला मिळालीच नसती. आणि त्या दोघांनाही.