कोळवणच्या दाण्याचं पांढरं पान

मी भाताचा गोळा बोलतोय. ताटातला नव्हे, बाटलीतला. पौडजवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, ट्यूबलाइटखाली, रॅकवर बसून आहे. मूळचा मी कोळवणचा, जुन्या आंबेमोहराचा दाणा.

रत्नाबाईंनी मला बियाण्यासाठी मडक्यात ठेवलं होतं. घरात दर वर्षी एकच बोलणं व्हायचं, "औंदा इकतचं बी पेरू. ह्ये पुढल्या साली." ते साल काही येईना. शेवटी पेरलं तेव्हा दाणे मातीतच कुजले. गावात दुसऱ्या कुणाकडे ते बी उरलं नव्हतं. मग इथं शिकणाऱ्या त्यांच्या मुलीनं, गौतमीनं, मडक्याच्या तळाचे थोडे दाणे कॉलेजात आणले.

तिनं मला सोललं, धुतलं आणि साखरेच्या जेलीवर ठेवलं. रत्नाबाई एकदा बघायला आल्या.

"ह्यात काय घातलंस?"

"टू-फोर-डी. संप्रेरक आहे."

"अगं, त्ये तर आमी तण मारायला फवारतो. माझ्या भाताला इख घालतीस व्हय?"

"इतकंसं घातलं की मारत नाही गं आई, फुगवतं."

"मंग तुझ्या ढेरपोट्या मामाला कुणी पाजलं?"

मी फुगलो खरा. ना मूळ, ना पान, नुसता पिवळट गोळा. हा टप्पा गरजेचाच, पण मुक्कामाचा नाही. जेली बदलून कायनेटिन हे दुसरं संप्रेरक मिळालं की गोळ्याला पान फुटतं. वेळ तेवढी गाठावी लागते.

कायनेटिन विभागप्रमुख दयानंद सरांच्या कपाटात होतं, कुलपात.

"सर, आता कायनेटिनवर घेऊ?"

"घाई कसली? अजून वाढू दे."

"जुना झाला की नीट फुटत नाही, सर."

"मला शिकवतेस? आमच्या वेळी आम्ही वर्ष वर्ष थांबायचो."

पुन्हा तीच जेली, पुन्हा तेच फुगणं. शेजारच्या बाटल्या बुरशीनं गेल्या. मी उरलो, दमलेला. एक गोष्ट मात्र कळली. जो थांबायला सांगतो, त्याला स्वतःला कधी थांबावं लागत नाही.

मग कॉलेज तपासायला समिती येणार असं ठरलं. सरांना पान दाखवायचं होतं. कपाट उघडलं.

मला पान फुटलं. पांढरं, कागदासारखं.

"बघ, आलं की नाही?" सर म्हणाले. गौतमीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

रत्नाबाई आल्या. बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "लई नाजूक हाय. लावायचं कवा?"

"ह्याला हिरवा रंगच नाही, आई. बाटलीतली साखर आहे तोवर जगेल. शेतात नाही जगायचं. उशीर झाला."

रत्नाबाईंनी बाटली रॅकवर ठेवली. मग त्यांनी पदराची गाठ सोडली. आत एक दाणा होता.

"मडक्याला चिकटला व्हता. ठिवला जपून."

"आणि इतके दिवस दिला का नाहीस?"

"म्हनलं, पुढल्या..." त्या मध्येच थांबल्या. दाणा त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला.

माझी साखर संपत आली आहे. माझं दुःख करू नका, मी फार थकलोय. गौतमी, तुला एवढंच सांगणं आहे. त्या दाण्याचा गोळा होईल तेव्हा होईल. कपाटाची किल्ली तू आजच मागून घे.