बाबांना वाचून दाखवलेला लेख

१९८६च्या एका दिवाळी अंकात विद्याधर परबचा लेख पहिल्यांदाच त्याच्या खऱ्या नावाने छापून आला. तोवर तो टोपणनावाने लिहायचा. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांनी लपून का जगावं, कायदा का बदलू नये, असं मराठीत उघड विचारणारे तेव्हा जवळजवळ नव्हतेच. मित्रांनी विचारलं, घरी कळलं तर? तो सहज म्हणाला, बाबांना वाचता येत नाही.

बाबा, म्हणजे गुणाजी, गिरणीतले जुने कामगार. संपात नोकरी गेल्यापासून मुलुंडला मुलाकडे राहायचे. पेपरवाल्याने त्यांना सांगितलं, तुमच्या विद्याधरचं नाव आलंय. गुणाजींनी अंक विकत घेतला, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर नेला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशांना म्हणाले, जरा मोठ्यान् वाचा.

गावची शाळा, आईचं आजारपण ऐकताना गुणाजी मान डोलवत होते. मग वाक्य आलं, 'मला पुरुषच आवडतात, आणि हे सांगायला मी आता घाबरत नाही.' ते वाचून झाल्यावर चंद्रप्रकाश थांबले. बाकावर बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. गुणाजींनी अंक मागून घेतला आणि जिना चढून घरी आले.

विद्याधर कामावरून परतला तेव्हा बाकावरची मंडळी त्याला बघून गप्प झाली. घरात गुणाजींनी अंक पुढे केला.

"ऱ्हवलेला वाच."

तो उभ्याउभ्याच उरलेला लेख वाचू लागला. पुढे एके ठिकाणी त्याने लिहिलं होतं, 'माझे वडील अडाणी आहेत. त्यांना हे कळणार नाही, म्हणून मी त्यांना सांगितलं नाही.' ते गाळून तो पुढच्या ओळीवर गेला, आणि थांबला. मागे येऊन त्याने ते वाचलं.

गुणाजींनी अंक त्याच्या हातून घेऊन मिटला.

"माका कळला नसता, ह्या खरा," ते म्हणाले. "पण तू सांगून खंय बघितलंस?"

विद्याधरला मान वर करवेना. चुकलो, एवढंच तो कसंबसं म्हणाला. गुणाजी भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर ते बाकावर गेले नाहीत. दूध आणायलासुद्धा मागच्या फाटकाने जायचे. विद्याधरला ते खिडकीतून दिसायचं. गावाहून एक नातेवाईक विद्याधरसाठी स्थळ घेऊन आला, तेव्हा गुणाजी त्याला म्हणाले, त्याका विचारू नको. लेखाबद्दल बापलेक पुन्हा कधी बोलले नाहीत.

विद्याधर लिहीत राहिला. पुढच्या वर्षी त्याने अंधेरीत एका मित्राच्या खोलीत पहिली बैठक घेतली. दहाबारा जण आले, बहुतेक दारापाशीच बसले. घाबरून गप्प बसू नका, असं तो त्यांना सांगत होता. रतन नावाच्या एकाने विचारलं, तुम्ही घरी कसं सांगितलंत?

"मी नाही सांगितलं," विद्याधर म्हणाला. "त्यांना चारचौघांत दुसऱ्याने वाचून दाखवलं."